टवका किती मोठा, याआधी तो किती कोरडा

गोडदेव नाक्यावरून निघायचं, गोल्डन नेस्टमार्गे काशिमीऱ्याला पोहोचायचं आणि तिथून हायवे किंवा घोडबंदर रोड धरायचा, ही भाईंदर पूर्वेच्या गाड्यांची रोजची वाट. या वाटेवर खडी-रेतीचे डंपर कायम पुढे असतात, त्यांच्यावरची ताडपत्री बरेचदा नावापुरती असते आणि एखादा उडालेला खडा पुढच्या काचेवर टकदिशी आपटतो. काच फुटत नाही, चार-पाच मिलिमीटरचा टवका उडतो. ‘वाढला तर बघू’ म्हणत पुढे महिनोन्महिने तो अंगावर काढला जातो. टवक्याचा निर्णय त्याच्या आकारावर होतो, तो वाढायला लागला की दुरुस्तीला वेळ मिळतो आणि तोवर तो आहे तसाच राहतो, असे तीन गैरसमज या एका वाक्यात आहेत. त्यातला तिसरा सगळ्यांत महागात पडतो. आकार बघावा लागतोच. पण त्याच्याही आधी टवका कुठे आहे आणि त्याच्या आत पाणी-धूळ शिरली आहे का, हे बघायला हवं. समुद्र, खाडी आणि मिठागरं यांच्यामध्ये वसलेल्या भाईंदरमध्ये टवका कोरडा राहण्याची मुदत फार थोडी असते.

पुढची काच आणि दाराची काच एकच, असं समजून पुष्कळ घोटाळे होतात. दाराची काच सहसा टफन्ड असते. ती फुटली की तिचे बारीक बोथट तुकडे होतात आणि तिची दुरुस्ती होत नाही. पुढची काच लॅमिनेटेड असते. म्हणजे साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि मध्ये पाऊण मिलिमीटरचा पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा चिकट पडदा. अशा जोडकाचेचं पेटंट फ्रान्सच्या एदुआर बेनेदिक्तुस यांनी १९०९ मध्ये घेतलं. खडा लागतो तेव्हा बहुतेक वेळा फक्त बाहेरची काच दुखावते. पडदा आणि आतली काच शाबूत असते. म्हणून ‘आता काच कधीही अंगावर कोसळेल’ ही भीती अनाठायी आहे. पण म्हणून ‘काही होत नाही’ हेही खरं नाही. ही काच चौकटीला पॉलियुरेथेनने चिकटवलेली असते, अपघातात माणसाला बाहेर फेकलं जाऊ देत नाही आणि अनेक गाड्यांत शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना तिचाच आधार घेते.

तडा वाढतो कसा, याचं शास्त्र जुनं आहे. इंग्लंडच्या ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये दाखवून दिलं की काचेची ताकद तिच्यातल्या बारीकसारीक भेगा ठरवतात, कारण सगळा ताण भेगेच्या टोकाशी एकवटतो. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या शेल्डन वीडरहॉर्न यांनी काचेतली भेग कोरड्या आणि दमट हवेत किती वेगाने सरकते ते मोजलं. दमट हवेत ती कितीतरी कमी ताणावर पुढे जाते, कारण पाण्याचे रेणू भेगेच्या टोकाशी सिलिकॉन आणि ऑक्सिजनमधले बंध तोडायला मदत करतात. कोकणपट्टीच्या हवेत या रेणूंना तोटा नाही. त्यात ताणाची भर पडते. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं की बाहेरचा थर आकसतो आणि टवक्याची टोकं ओढली जातात. पावसात बाहेरून गार सरी आणि आतून डिफॉगरची गरम हवा, तेव्हाही तेच. खड्ड्यात गाडीचा सांगाडा पिळवटतो, त्याचा भार चिकटवलेल्या काचेवर येतोच.

यावर नेहमी एक आक्षेप येतो: ‘दोन वर्षं झाली, माझा टवका तिळभर वाढला नाही.’ हे शक्य आहे आणि खोटं मानायचं कारण नाही. पण त्यातून एवढंच सिद्ध होतं की भेगेला अजून पुरेसा ताण मिळालेला नाही. त्या दोन वर्षांत दोन पावसाळे, धुण्याचा साबण आणि रस्त्याची धूळ तिच्यात जाऊन बसली, हे मात्र नक्की. उद्या तडा लांबला तर दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती स्वच्छ पोकळी येणार नाही, मळलेली येईल.

मग निर्णय कसा घ्यायचा? आधी टवका आहे की नुसता ओरखडा, ते पाहा. वर्षानुवर्षांच्या वाळूने काचेवर पडलेले बारीक ठिपके, ज्यांच्याभोवती भेग नाही, त्यांना काही करावं लागत नाही. नख अडकत असेल आणि तिरप्या उजेडात आत चंद्रकोर किंवा ताऱ्यासारखे पाय चमकत असतील, तर तो टवका. आतून बोट फिरवल्यावर तिथेही खरखर लागली तर दोन्ही थर गेले, काच बदलायची. तडा काचेच्या कडेला पोहोचला असेल तरी बहुतेक वेळा बदलणंच शहाणपणाचं, कारण कडेला ताण जास्त असतो. मधल्या भागातला टवका दहा रुपयांच्या नाण्याखाली, म्हणजे २७ मिलिमीटरमध्ये, झाकला जात असेल तर तो सहसा दुरुस्त होतो. चालकाच्या थेट नजरेसमोर मात्र निकष कडक हवा. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० पुढची काच लॅमिनेटेड हवी आणि तिच्यातून किमान ७० टक्के प्रकाश जायला हवा असं सांगतो, पण टवक्याचं माप देत नाही. ब्रिटनच्या वार्षिक वाहन तपासणीत ते आहे: स्टिअरिंगच्या रेषेतल्या २९० मिलिमीटर रुंद पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठी इजा असली की गाडी नापास, वायपर फिरतो त्या उरलेल्या भागात ही मर्यादा ४० मिलिमीटर. आपल्यालाही हे माप वापरायला काहीच हरकत नाही.

दुरुस्तीविषयी दोन टोकाच्या समजुती आहेत. एक, ती फसवणूक आहे, कारण डाग राहतो. दुसरी, फेविक्विकच्या थेंबानेही तेच काम होतं. दुरुस्तीत टवक्यावर छोटं पंपासारखं यंत्र बसवतात, भेगेतली हवा खेचून घेतात, तिच्या जागी पातळ रेझिन दाबतात आणि अतिनील दिव्याखाली ते कडक करतात. या रेझिनमधून प्रकाश जवळजवळ काचेइतकाच वळतो, म्हणून भेग दिसेनाशी होत जाते. तरी बारीक खूण उरते. दुरुस्तीचं काम भेगेची टोकं बांधून ठेवण्याचं आहे, काच नवी करण्याचं नाही. फेविक्विकसारखा गोंद ओलाव्यानेच घट्ट होतो. तो पायांपर्यंत पोहोचण्याआधी तोंडाशीच गोठतो आणि नंतर रेझिनचीही वाट बंद करतो. ओल्या किंवा मातीने भरलेल्या भेगेत रेझिनही नीट धरत नाही. कोरडेपणाचा मुद्दा इथे निर्णायक ठरतो.

‘इन्शुरन्स आहे, सरळ बदलून टाकू,’ हा शेवटचा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे: सर्वसाधारण पॉलिसीत काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत आणि सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्यापुढे २,००० रुपये असते. पण दावा केला की, वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर, २० पासून ५० टक्क्यांपर्यंत साठवलेला नो क्लेम बोनस शून्यावर येतो. शिवाय कारखान्यात बसवलेली काच उचकटली की नव्या गोंदाला धरायला वेळ द्यावा लागतो, आणि आरशामागे कॅमेरा असलेल्या गाड्यांत तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. गरज असेल तिथे हे सगळं जरूर करावं. गरज नसताना कशाला?

म्हणून खडा लागला त्याच दिवशी गाडी सावलीत उभी करा, टवका कोरड्या फडक्याने टिपा आणि त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावा. ती चालकाच्या नजरेसमोर येत असेल तर गाडी उभी असतानाच ठेवा. प्रेशरच्या पाण्याने धुणं टाळा आणि त्याच आठवड्यात काचेचं काम करणाऱ्याला गाडी दाखवा. मुंबई परिसरात मोसमी पाऊस पोहोचण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. उन्हाळ्यात टवका उडाला असेल, तर ती तारीख उजाडण्याआधी तो भरून घ्या.