नारायण : एका नावाचा निवास

पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथ नावाचे जे गाव आहे, तेथील लक्ष्मीनारायणाच्या पाषाणमंदिरात वर्षातल्या काही ठरावीक सकाळी सूर्याचे कोवळे किरण मूर्तीच्या चरणांना स्पर्श करतात, आणि ते दर्शन घेण्यासाठी तेलुगू आणि मराठी बोलणारे भाविक एकाच पायरीवर उभे राहतात. याच गावी परमार राजा जगद्देव याच्या काळचा संस्कृत शिलालेख सापडला. जगद्देवाचा अधिकारी लोलार्क याची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे, म्हणजे सूर्याचे, देऊळ उभारल्याची नोंद त्यात आहे. जगद्देवाच्या पित्याचे नाव उदयादित्य. उदयादित्य, लोलार्क, निंबादित्य ही तीन नावे एकापाठोपाठ वाचली म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी या मुलखात नाव ठेवणाऱ्यांचे मन कोणत्या दैवताकडे वळलेले होते, हे निराळे सांगावे लागत नाही. त्या सूर्यभक्तीचा वारसा आजच्या घराघरांत ज्या नावाने टिकवून ठेवला आहे, ते नाव म्हणजे नारायण.

या शब्दाची व्युत्पत्ती शास्त्रकारांनी अनेक प्रकारे लावली. ‘नार’ म्हणजे जल, आणि ते ज्याचे ‘अयन’ म्हणजे निवासस्थान तो नारायण, असे मनुस्मृती सांगते. नरसमूहाचे जो आश्रयस्थान तो नारायण, असा दुसरा अर्थ भक्तांना अधिक प्रिय झाला. आणि पाणिनीय व्याकरणाप्रमाणे नराचा वंशज तो नारायण, असा साधा अपत्यार्थही निघतो. ‘अयन’ या शब्दात गती आणि निवास असे दोन्ही अर्थ नांदतात. सूर्याच्या गतीला आपण उत्तरायण-दक्षिणायन म्हणतो ते याच शब्दाने. म्हणूनच पौषातल्या आदितवारी अंगणात सूर्याची पूजा मांडणारी आपली आजी नुसते ‘सूर्य’ न म्हणता ‘सूर्यनारायण’ म्हणते, तेव्हा आकाशातला प्रवासी आणि जळात विसावलेला विष्णू तिच्या लेखी एकच झालेले असतात.

मराठी इतिहासात याचे ठळक उदाहरण जांब गावचे. तेथील सूर्योपासक सूर्याजीपंत ठोसर यांच्या घरी 1608 साली जन्मलेल्या मुलाचे नाव नारायण ठेवण्यात आले, आणि तोच पुढे समर्थ रामदास म्हणून ओळखला गेला. देहूच्या तुकोबांच्या धाकट्या पुत्राचे नावही नारायणच. पालखी सोहळ्याची परंपरा घालून देणारे ते नारायणमहाराज. पेशवाईच्या दप्तरात हे नाव आटोपशीर होऊन ‘नारो’ झाले, आणि पेशव्यांचे सरदार नारो शंकर यांच्या देवळातील घंटेमुळे ते नाशिककरांच्या कायम तोंडी राहिले. घरात तर त्याचे नारू, नाऱ्या, नारबा असे किती तरी अवतार होतात. भागवतातल्या अजामिळाने अंतकाळी आपल्या मुलाला नारायण म्हणून हाक मारली आणि तेवढ्याने तो तरला, ही कथा ऐकून वाढलेल्या पिढ्यांनी लेकाला हाक मारता मारता देवाचेही नाव मुखी यावे म्हणून हे नाव आवडीने ठेवले.

जैनथसारख्या सरहद्दीवरच्या गावात या नावाचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानी येते. मराठी माणूस अखेरच्या ‘ण’वर थांबतो; तेलुगू माणूस तोच ‘ण’ पूर्ण स्वरासह उच्चारतो, आणि हाक मारताना ‘नारायणा’ असा लांबवतो. निजामी अंमलात सरकारी दप्तराची भाषा उर्दू होती; पुढे 1956 साली राज्यपुनर्रचनेत तोवर आदिलाबाद जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका तत्कालीन मुंबई राज्यात गेला आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले; 2014 पासून त्याच भूमीवर तेलंगणाचा कारभार चालतो. दप्तराची लिपी बदलली, हद्दीचे दगड हलले, परंतु पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर बारशाच्या पाळण्यात हे नाव सारख्याच मायेने उच्चारले गेले.

‘निवास’ या अर्थाची खरी प्रचीती मला मात्र मुंबईच्या गिरणगावात येते. जन्मतःच टाकून दिलेले एक मूल गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी नेले, त्याला आपले आडनाव दिले, आणि ते मूल पुढे कवी नारायण सुर्वे झाले. ज्याला घर नव्हते त्याच्या वाट्याला ‘माणसांचे आश्रयस्थान’ असा अर्थ असलेले नाव आले. आणि श्रमणाऱ्या, बेघर, बेनाव माणसांना आपल्या कवितेत जागा देऊन त्याने तो अर्थ सार्थ केला. नाव आईबाप ठेवतात, त्याचा अर्थ ज्याचा त्याने जगून सिद्ध करावयाचा असतो. आपल्या बाळाच्या कानात ‘नारायण’ असे सांगणाऱ्या प्रत्येक आत्याने एवढे मनात धरावे, की ती त्या चिमुकल्या जिवाला इतरांना आसरा देण्याचे व्रत देत आहे.