पराभूत हुकूमशहा – लेखांक ४ : सासरा, जावई आणि संपलेला कायदा

मुसोलिनीच्या हाती सत्ता कशी आली, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आज त्याचा शेवट. तो समजून घ्यायचा तर आधी त्याच्या घरात शिरावं लागतं.

बेनितोचा जन्म २९ जुलै १८८३चा, इटलीच्या रोमान्या भागातल्या प्रेदाप्पिओजवळचा. वडील अलेस्सांद्रो लोहार आणि कट्टर समाजवादी. आई रोझा शिक्षिका आणि देवभोळी. मेक्सिकोचा क्रांतिकारक नेता बेनितो हुआरेझ याच्यावरून वडिलांनी मुलाचं नाव ठेवलं. या मुलाने पुढे राजाकडून पंतप्रधानपद घेतलं आणि समाजवाद्यांना तुरुंगात टाकलं.

पत्नी राकेलेपासून त्याला पाच मुलं झाली. पण इदा दाल्सेर नावाची स्त्रीही आपण त्याची लग्नाची बायको असल्याचं सांगत होती. तिला १९१५ मध्ये झालेला मुलगा आपला असल्याचं त्याने मान्यही केलं होतं. तो सत्तेवर आल्यावर मात्र इदाला वेड्यांच्या इस्पितळात डांबण्यात आलं. १९३७ मध्ये ती तिथेच वारली. तिचा मुलगा बेनितो अल्बिनो १९४२ मध्ये अशाच इस्पितळात गेला. या मायलेकांनी दाद मागायची कुणाकडे? न्यायालयं, पोलीस, वर्तमानपत्रं, सगळं एकाच माणसाच्या मुठीत होतं.

जुलै १९४३ मध्ये मित्रराष्ट्रांच्या फौजा सिसिलीत उतरल्या आणि ही मूठ सैल झाली. २४ जुलैला फॅसिस्ट महापरिषद बसली. सैन्याची सूत्रं राजाकडे परत द्यावीत, हा दीनो ग्रांदीचा ठराव मध्यरात्र उलटल्यावर मतास टाकला गेला. बाजूने १९ मतं पडली. त्यात एक होतं गालेआत्सो चियानोचं. हा माजी परराष्ट्रमंत्री मुसोलिनीच्या लाडक्या लेकीचा, एद्दाचा नवरा. त्याच दिवशी राजाने मुसोलिनीला बडतर्फ केलं आणि भेटीहून बाहेर पडताच त्याला अटक करून रुग्णवाहिकेतून नेण्यात आलं.

सप्टेंबरात जर्मन सैनिकांनी ग्लायडर उतरवून ग्रान सास्सोच्या डोंगरावरून त्याची सुटका केली. हिटलरने त्याला उत्तर इटलीत नामधारी सरकारच्या गादीवर बसवलं. चियानो त्याच सरकारच्या हाती सापडला. एद्दाने वडिलांकडे नवऱ्याच्या प्राणांची भीक मागितली, पण व्यर्थ. ११ जानेवारी १९४४ रोजी व्हेरोनात चियानोला खुर्चीला बांधून पाठीत गोळ्या घातल्या. नवऱ्याच्या डायऱ्या अंगावर लपवून एद्दा स्वित्झर्लंडला निसटली.

९ एप्रिल १९४५ला मित्रराष्ट्रांनी शेवटची मोठी चढाई केली. त्या दिवशी मुसोलिनीच्याच रोमान्यात, सेनिओ नदीवर, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना गोळीबारातून पलीकडे नेलं आणि मशीनगनची ठाणी उद्ध्वस्त केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जर्मन फळी कोसळली आणि २५ एप्रिलला मुसोलिनी मिलानमधून पळाला. २७ तारखेला कोमो सरोवराकाठी दोंगो इथे बंडखोरांनी जर्मनांचा ताफा अडवला. त्यात जर्मन ओव्हरकोट आणि हेल्मेट घातलेला मुसोलिनी सापडला. दुसऱ्या दिवशी त्याला आणि त्याची प्रेयसी क्लारेत्ता पेताच्ची हिला गोळ्या घातल्या. २९ तारखेला मिलानच्या लोरेतो चौकात त्यांची प्रेतं उलटी टांगली गेली. ऑगस्ट १९४४ मध्ये याच चौकात १५ फॅसिस्टविरोधी कैद्यांना मारून त्यांचे मृतदेह लोकांना दिसतील असे टाकून ठेवले होते.

लोकांचा तो संताप मला कळतो. तरीही खटला व्हायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं. इथिओपियात वापरलेला विषारी वायू, १९३८चे ज्यूविरोधी कायदे, इदा आणि तिचा मुलगा, या कशाचाही जाब त्याला भर न्यायालयात द्यावा लागला नाही. १९४६ मध्ये त्याच्या समर्थकांनी प्रेत पळवलं; १९५७ मध्ये ते कुटुंबाच्या स्वाधीन झालं आणि प्रेदाप्पिओत पुरलं गेलं. आजही तिथे चाहते जमतात. गोळीने माणूस संपला, पण त्याच्या गुन्ह्यांचा पुराव्यांसह निवाडा राहून गेला. कायदा मोडीत काढणाऱ्यालासुद्धा कायद्यासमोरच उभं करायला हवं. त्यातच पुढच्या पिढ्यांचं हित असतं.

असा निवाडा जपानच्या हिदेकी तोजोच्या वाट्याला आला. तोक्योच्या त्या खटल्याविषयी पुढच्या आठवड्यात.