दुवा विकत मिळतो का?

गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास आमची भाची एक कागद नाचवीत घरी आली. ठाण्याला ती घरगुती मसाले करते आणि स्वतःच्या वेबसाइटवरून विकते. कागदावर एका गृहस्थाचा देकार होता: पाच हजार रुपयांत एक हजार बॅकलिंका! "मामा, देऊन टाकू का? दिवाळीत गुगलवर आपलं नाव वर येईल म्हणतो." पाच हजार म्हणजे तिची महिन्याची शिल्लक. मी म्हटले, थांब बाई, आधी हे प्रकरण काय आहे ते पाहू.

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या पानावरून आपल्याकडे येणारा दुवा. १९९६ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोघा विद्यार्थ्यांनी हिशेब मांडला, की ज्या पानाकडे पुष्कळ पाने बोट दाखवतात ते पान मोठे. आणि बोट दाखवणारा स्वतः मोठा असेल तर आणखीच मोठे. त्यांच्या यंत्राचे पहिले नावच मुळी 'बॅकरब'! १९९८ मध्ये त्याची गुगल कंपनी झाली.

या पहिल्या हिशेबातला वाचक मोठा भोळा होता. समोर दिसेल तो दुवा डोळे मिटून दाबणारा! त्यामुळे एका पानावर दहा दुवे असले, तर ढोबळमानाने प्रत्येकाला दहावा हिस्सा मिळे. पण तुम्हीआम्ही असे वाचतो काय? भरल्या वांग्याची कृती वाचताना मधल्या ओळीतला दुवा आपण दाबतो. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत खच्चून भरलेल्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. गुगलने २००४ साली अर्ज करून २०१० साली मिळवलेल्या एका पेटंटात हीच गोष्ट आहे. दुवा पानावर कुठे आहे, केवढ्या अक्षरांत आहे, कोणत्या शब्दांवर आहे, यावरून वाचक तो दाबील की नाही याचा अंदाज घ्यायचा, आणि तसे वजन द्यायचे. पेटंट म्हणजे काही मुदपाकखान्याची संपूर्ण कबुली नव्हे. पण रोख कळतो.

हे न ओळखणाऱ्यांत लहान दुकानदारच असतात असे नाही. २०१० च्या नाताळात जे. सी. पेनी हे अमेरिकेतले बडे दुकान कपड्यांपासून गालिच्यांपर्यंतच्या शोधांत पहिले झळकत होते. फेब्रुवारी २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघड केले, की या दुकानाकडे येणारे हजारो दुवे भलत्याच, कपड्यांशी काडीचा संबंध नसलेल्या पानांवर पेरलेले होते. गुगलने हिसका दाखवला. दिवाणखान्याच्या फर्निचरच्या शोधात सायंकाळी सातला पहिले असलेले दुकान नऊ वाजता अडुसष्टावे! कंपनीने हात झटकले आणि सल्लागाराला नारळ दिला.

२०१२ मध्ये गुगलने 'पेंग्विन' नावाची चाळणी लावली. २०१६ पासून तर ती असले दुवे बहुधा नुसते बाजूला टाकते. म्हणजे शिक्षा टळली तरी पैसे पाण्यात!

भाचीने कागद टरकावला. पुढे मार्गशीर्षात तिच्या एका गिऱ्हाईक बाईंनी आपल्या पाककृतींच्या पानावर भरल्या वांग्यांची कृती लिहिली, आणि 'गोडा मसाला' या शब्दांवर, ऐन कृतीच्या मध्यावर, भाचीचा दुवा आपणहून दिला. त्या एका ओळीवरून आठवड्यात अकरा मागण्या आल्या. तो गृहस्थ मात्र अजून फोन करतो. आता दोन हजार दुवे म्हणतो, त्याच पैशांत.