चहावरची एकादशी

आषाढ शुद्ध एकादशीची पहाट. देवघरात समई तेवत असते, तुळशीच्या मंजिऱ्या तबकात निथळत असतात, आणि चंद्रभागेच्या वाळवंटातील गजर आकाशवाणीवरून घराघरांत ऐकू येऊ लागतो. याच वेळी स्वयंपाकघरात मात्र आणखी एक विधी निमूटपणे पार पडत असतो. त्याचा उल्लेख कोणत्याही व्रतकथेत नाही, तरी तो चुकविण्याचे धाडस आपल्यापैकी फारच थोडे करतील. गॅसवर चहाचे आधण चढलेले असते! "आज काय, उपवास. चहावरच काढायचा दिवस," असे म्हणत घरातील वडीलधारी मंडळी पहिला कप ओठांना लावतात. दुपारी दुसरा, चारला तिसरा. डोके दुखू लागले तर मध्येच एक. आणि द्वादशीला पारणे सोडताना आपण समाधानाने म्हणतो, भुकेने काही त्रास दिला नाही हो!

वाचकहो, आज आम्ही या शेवटच्या वाक्याविषयीच चार शब्द बोलणार आहोत. भुकेने त्रास दिला नाही, की आपण भुकेला बोलूच दिले नाही?

घरातीलच गोष्ट

परदोष दाखविण्यापूर्वी स्वतःच्या उंबऱ्याआतील गोष्ट सांगणे बरे. काही वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या सूनबाईंनी आषाढीपासून चातुर्मासाचे एकभुक्त धरले. देवावर श्रद्धा होतीच. पण दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन अठ्ठ्याहत्तर किलोंवर गेले होते, आणि ते उतरविण्याचाही हेतू त्यात होता. तो हेतू वाईट नव्हता. वाईट होता तो उपाय. सकाळपासून भूक लागली की त्या बिनसाखरेची, बिनदुधाची काळी कॉफी मोठा मग भरून घेत. असे पाच-सहा मग रोज होत. तासाभरापुरती पोटातील कालवाकालव थांबे. पहिल्या पंधरवड्यात वजनाचा काटा तीन किलो खाली आला आणि घरात कौतुक झाले. त्या कौतुकात आमचा आवाज सर्वांत मोठा होता, हे येथे कबूल केले पाहिजे. चहावर एकादशी काढण्याचा पाठ त्यांनी आमच्याकडूनच तर घेतला होता!

पुढे काटा अडला. रात्री झोप येईना. बाराच्या सुमारास फळीवरचा डबा उघडल्याचा आवाज येई आणि सकाळी लाडू दोन-तीनने कमी भरत. हात कापू लागले, चिडचिड वाढली. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी शिवमंदिराच्या रांगेत, हातातील बेलाच्या पानांसह त्या खाली बसल्या आणि तशाच कलंडल्या. डॉक्टरांनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन नऊच्याही खाली होते. हा सारा दोष एकट्या कॉफीचा नव्हता. कमतरता आधीचीच असणार. पण अन्नाच्या जागी कॉफी बसविल्याने ती वाढली आणि इतके दिवस झाकलीही गेली. डॉक्टर एवढेच म्हणाले, "तुमची भूक तुम्हाला काही सांगत होती. तुम्ही तिच्या तोंडावर हात ठेवलात."

कप नेमके करतो काय?

चहा आणि कॉफी या दोहोंत कॅफीन नावाचे द्रव्य असते. आपण जागे असतो तोवर मेंदूत ॲडेनोसिन नावाचे रसायन साचत जाते आणि ते शरीराला सांगत राहते की थकलास, आता थांब. कॅफीन त्या रसायनाच्या बसण्याच्या जागा अडवून ठेवते. थकवा जात नाही, थकव्याची वर्दी तेवढी पोहोचत नाही. जोडीला शरीरातील उत्तेजक स्राव वाढतात आणि काही काळ भुकेची जाणीव मंदावते. ही मंदी किती आणि किती वेळ, याविषयी संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. परिणाम आढळला तरी तो लहान आणि अल्पकाळ टिकणारा असतो, आणि रोज पिणाऱ्याच्या शरीराला सवय झाली की आणखी फिका पडतो. मग कप वाढतात. इकडे घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात. म्हणून संध्याकाळचा कप रात्रीच्या झोपेवर हात टाकतो. आणि झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक अधिक लागते, तीही गोडाधोडाची. भूक मारायला घेतलेला कप असा फिरून भूक वाढवितो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात याचे हिशेब दिले आहेत. दीडशे मिलिलिटर चहात 30 ते 65 मिलिग्रॅम, तेवढ्याच झटपट कॉफीत 50 ते 65, आणि गाळलेल्या कॉफीत 80 ते 120 मिलिग्रॅम कॅफीन असते. दिवसाकाठी 300 मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये. जेवणापूर्वी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी टाळावी, असेही त्यात सांगितले आहे; कारण त्यांतील टॅनिन अन्नातील लोह शरीराला नीट मिळू देत नाही. शाकाहारी घरांनी हे विशेष लक्षात ठेवावे. धान्य-भाज्यांतले लोह आधीच शरीरात कमी मुरते, आणि 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसून आले होते.

दूध-साखरेच्या चहाची कथा निराळीच. दोन चमचे साखरेचे सहा कप म्हणजे बारा चमचे साखर, सुमारे दोनशे ते अडीचशे उष्मांक. त्यावर रात्री शेंगदाण्याच्या कुटातील, तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी! वजन उतरावे कसे? एवढ्या उष्मांकांतून शरीराला ना पुरेसे प्रथिन मिळते, ना लोह.

चहा कधीपासून 'चालू' लागला?

आपल्या जुन्या ग्रंथांत उपवासाला चहा चालतो असे वचन शोधू नये, मिळणार नाही. आसामातील मळे उभे राहिले ते 1830 नंतर. 1903 साली कायद्याने चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. म्हणजे उपवासाला चहा चालतो हा निर्णय आपल्याच मागच्या तीन-चार पिढ्यांनी आपल्या सोयीने घेतलेला आहे. यात लाजण्यासारखे काही नाही. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाण्याचा कंदही समुद्रापलीकडूनच आले आणि फराळात रुळले. पण जे सोयीने आले, त्याला शास्त्राचा मान देऊ नये.

या संदर्भात पुण्याच्या आगाखान पॅलेसची आठवण होते. 1942 साली तेथे स्थानबद्ध असताना महात्मा गांधींनी 'आरोग्याची गुरुकिल्ली' हे लहानसे पुस्तक लिहिले आणि त्यात चहा, कॉफी, कोको यांपैकी कशाचीही शरीराला गरज नाही असे मत मांडले. त्याच वास्तूत 10 फेब्रुवारी 1943 रोजी त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले. घोटभर पाणी, त्यात लिंबूवर्गीय फळाचा थोडा रस, एवढाच आधार. हे उपोषण घरोघरी अनुकरणाचे नव्हे. पण ज्याने उपवासाचा इतका विचार केला, त्याला भूक बधिर करण्याची गरज वाटली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

'उप' म्हणजे जवळ आणि 'वास' म्हणजे राहणे. ईश्वराजवळ राहायचे ते जागेपणी. भूक लागते, मन अन्नाकडे धावते, त्याला हळूच परत आणून नामाशी बसवायचे. साधना ती हीच. भूकच निजविली तर परत आणायचे कोणाला? आणि गीतेच्या सहाव्या अध्यायाने तर अतिआहार व निराहार हे दोन्ही योगाच्या वाटेतील अडथळेच ठरविले आहेत.

सूर्यमाळच्या माळावर

त्या श्रावणानंतर डॉक्टरांनी सूनबाईंच्या आहारात नाचणी आणि वरीही घालण्यास सांगितले. वरी आपल्याला ठाऊक असते ती उपवासाच्या ताटातली. ती पिकते कोठे, हे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे? दुसऱ्या वर्षी आषाढीच्या चार दिवस आधी, मोखाडे तालुक्यातील आश्रमशाळेत शिकविणाऱ्या एका स्नेह्यांच्या आग्रहावरून आम्ही सूर्यमाळला गेलो. सूनबाई बरोबर होत्या.

पालघर जिल्ह्यातील हे थंड हवेचे ठिकाण. पावसाळ्यात डोंगर ढगांत बुडालेले, रस्त्याकडेला ओहोळ धावणारे. याच मोखाडे तालुक्यात वैतरणा नदीवर 2014 साली मध्य वैतरणा धरण पुरे झाले, आणि मुंबईकर ज्या पाण्यात सकाळचा चहा उकळतात त्यातील एक वाटा या डोंगरांवर पडलेल्या पावसाचा असतो. तालुक्यातील कित्येक पाडे मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. उतारांवर वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा समाजांची वस्ती आहे. पाऊस सुरू झाला की राब भाजलेल्या जागेवर रोपे तयार करायची आणि आषाढात, कमरेत वाकून, अंगावर पाऊस घेत, नागली-वरीची लावणी करायची. दाणा हाती येईल तो दिवाळीच्या सुमारास. मधले दोन-तीन महिने मागच्या साली जे उरले असेल त्यावर, रेशनच्या धान्यावर आणि रानभाज्यांवर निभावायचे. आपला चातुर्मास सुरू होतो तेव्हा या डोंगरातील धान्याच्या कणग्या रित्या होत आलेल्या असतात. 1992-93 साली शेजारच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर योजना आल्या; 2015 साली गरोदर व स्तनदा मातांना दिवसातून एक चौरस आहार देणारी अमृत आहार योजनाही आली. तरीही या पट्ट्यातून कुपोषणाचे नाव पुसले गेलेले नाही.

पावसाने गाठले म्हणून आम्ही एका घराच्या पडवीत थांबलो. घरची बाई लावणीवर निघण्याच्या घाईत होती, पण पाहुण्यांना रिकामे कसे पाठवावे? तिने चुलीवर चहा टाकला; बिनदुधाचा, कोरा. आम्हाला दिला आणि स्वतः उभ्या उभ्याच दोन पेले घेतले. मुले कोपऱ्यात बसून नागलीची भाकर खात होती. सूनबाईंनी सहज विचारले, "तुम्ही नाही का खात? आज उपवास आहे?"

ती हसली. "उपास कसला ताई? सकाळची भाकर पोरांना. मला चहा पुरतो दुपारपावेतो. पोट गप बसतं."

सूनबाईंच्या हातातला पेला तसाच राहिला. परतीच्या वाटेवर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाबा, ती बाई आणि मी एकच करीत होतो. तिच्याकडे भाकर नव्हती म्हणून, आणि माझ्याकडे होती तरीही." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

स्नेह्यांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली. पहिल्या पावसात जी कोवळी रानभाजी उगवते, ती देवाला दाखविल्याखेरीज येथील जुनी माणसे तोंडात घालीत नाहीत. पोटात भूक, अंगणापलीकडे भाजी, आणि तरी हात आवरलेला! नियम म्हणावा तो हा. त्यात भुकेला फसविणे नाही. भूक ओळखून, तिला क्षणभर थांबायला सांगणे आहे.

या एकादशीला

आमच्या घरी आता एकादशी थोडी बदलली आहे. तिचा तपशील सांगतो; पटेल तेवढा घ्यावा. रोजच्या चहाबाजांनी एकदम चहा तोडला तर डोके दुखते. म्हणून आठ दिवस आधीपासून कप कमी करीत जावे आणि एकादशीला एखादाच, तोही रिकाम्यापोटी नव्हे. भूक लागली की आधी पाणी, ताक किंवा फळ. दुपारी साबुदाण्याऐवजी वरीचा भात, दाण्याची पातळ आमटी, दही आणि काकडीची कोशिंबीर; पोटभर नव्हे, पण पोटाला कळेल इतके. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता, मधुमेहाची औषधे घेणारे आणि वृद्ध यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून निर्जळी किंवा निराहार करू नये. त्यांच्या नामस्मरणाने पांडुरंग उणा होत नाही. आणि वजन उतरवायचे असेल तर तो वर्षभराचा नेम असावा: चालणे, वेळेवर जेवण, पुरेशी झोप. ते ओझे एकादशीच्या खांद्यावर टाकू नये. सूनबाईंचे वजन अशा रीतीने दीड वर्षात नऊ किलोंनी उतरले. कौतुक करण्याइतके झटपट नव्हे, पण ते परत चढले नाही.

आणखी एक नेम त्यांनी आपण होऊन जोडला आहे. वाण्याकडची वरी संपली की त्या आमच्या स्नेह्यांना निरोप धाडतात, आणि सूर्यमाळच्या बाजूच्या शेतकऱ्यांची वरी, ते सांगतील त्या भावाने, वर्षाची एकदम घेतात. भाव करीत नाहीत. द्वादशीला नैवेद्याचे पान वाढताना त्या भाताची पहिली मूद विठ्ठलाला दाखवितात, आणि मग हात जोडून क्षणभर थांबतात. त्या वेळी त्या काय मागतात ते आम्ही कधी विचारले नाही.