मत्स्यतळे : आधी माती, मग मासे

गावाकडे पडीक जमीन असलेले आपले अनेक व्यापारी बांधव मत्स्यतळ्याचा विचार करतात. कापड घेताना आपण पोत पाहतो, तशी येथे प्रथम माती पाहावी. कमरेइतका खड्डा खणून सकाळी पाण्याने काठोकाठ भरावा, संध्याकाळी पुन्हा भरावा. दुसऱ्या सकाळी बहुतेक पाणी टिकले तरच तळे खणावे. नाहीतर पाण्याबरोबर भांडवलही झिरपते.

तळ्यात पाणी १.५ ते २ मीटर असावे. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या, तर मृगळ तळाशी चरतो. म्हणून तिन्ही एकत्र सोडावेत. हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकली पुरे. स्वस्त म्हणून जिरे घेऊ नयेत; त्यांत मरतूक फार. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले, तर प्राणवायू कमी पडला समजून त्वरित ताजे पाणी सोडावे.