उष्णतेच्या लाटेत परसातील कोंबड्या : दुपारचा धोका सकाळी दहाच्या आत टाळा

२८ एप्रिल २०१९ हा रविवार अनेक पुणेकरांच्या लक्षात असेल. त्या दिवशी शिवाजीनगर येथे पारा ४३ अंश सेल्सिअसवर गेला होता. बुधवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात माझ्या ओळखीच्या कुटुंबाने गच्चीवर पत्र्याच्या खुराड्यात आठ कोंबड्या पाळल्या होत्या. दुपारच्या जेवणानंतर उरलेला भात आणि पोळीचे तुकडे त्यांनी कोंबड्यांना पोटभर घातले, पाण्याचे भांडे भरले आणि घरातली मंडळी आडवी झाली. साडेचारला वर जाऊन पाहिले तर तीन कोंबड्या मेलेल्या. भांड्यात पाणी शिल्लक होते. मेलेल्या तिन्ही कोंबड्या अंगाने भरलेल्या आणि सर्वांत जास्त अंडी देणाऱ्या होत्या.

"सावली होती, पाणी होते, खाणे होते, मग मेल्या कशा?" हा प्रश्न दर उन्हाळ्यात गावोगावी ऐकू येतो. परसात दहा-पंधरा पक्षी सांभाळणाऱ्या घरात एका दुपारी तीन-चार कोंबड्या जाणे म्हणजे अंड्यांचे रोजचे पैसे थांबणे. म्हणून आधी कारण समजून घेऊ.

कोंबडी स्वतःला थंड कशी ठेवते?

कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असते. तिला घामग्रंथी नाहीत आणि अंगावर पिसांचे पांघरूण असते. तुरा, गलोल, पाय आणि पंखांखालची उघडी त्वचा यांतून ती उष्णता बाहेर टाकते. म्हणूनच ती पंख अंगापासून दूर धरते आणि थंड मातीत पोट टेकून बसते. सभोवतालची हवा ३० अंशांच्या आसपास गेली की एवढ्याने भागत नाही. मग चोच उघडी ठेवून धापा टाकणे सुरू होते. श्वासावाटे पाण्याची वाफ बाहेर पडते आणि शरीर थंड होते.

धाप टाकायला श्रम पडतात, पाणी खर्च होते. शिवाय श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो आणि रक्तातील आम्ल-अल्क यांचा तोल बिघडतो. त्याचा परिणाम कवचावर होतो. उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची किंवा बिनकवचाची पडतात, त्याचे हे एक कारण आहे.

हवामान विभाग मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक असेल तेव्हा उष्णतेची लाट मानतो. तुमच्या कोंबडीचा त्रास त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. त्यामुळे इशाऱ्याची वाट पाहू नये.

वाड्यात चूक कुठे झाली?

पहिली चूक वेळेची. खाल्लेले पचताना शरीरात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर काही तास टिकते. दुपारी एकला पोटभर खाल्लेल्या कोंबडीच्या शरीरातली भट्टी बाहेरचे ऊन सर्वांत कडक असतानाच पेटलेली असते. जास्त अंडी देणारी कोंबडी जास्त खाते, म्हणून तीच आधी बळी पडते.

दुसरी चूक पत्र्याची. पत्रा सावली देतो, पण तापून खाली उष्णताही सोडतो. पत्र्याखाली कोंबडीच्या उंचीवर काय तापमान असते, ते वर्तमानपत्रातल्या आकड्यावरून कळत नाही. ते मोजावे लागते. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात तापमान आणि आर्द्रता दाखवणारे छोटे डिजिटल यंत्र काही शंभर रुपयांत मिळते. तालुक्याच्या गावीही असे यंत्र मिळू शकते. जमिनीपासून वीतभर उंचीवर टांगा आणि दुपारी दोन ते चार या वेळेत आकडा पाहा. विस्तार कार्यकर्त्यांनी हे यंत्र सोबत ठेवावे. आकडा स्वतः पाहिला की शेतकऱ्याला फार समजावून सांगावे लागत नाही.

तिसरी चूक पाण्याची. भांडे भरलेले होते, पण पाणी तापलेले होते. गरम पाणी कोंबडी टाळते. भांड्यात पाणी शिल्लक असणे म्हणजे कोंबडी तहानलेली नाही, असे समजू नये.

या तिन्ही गोष्टी ऊन चढण्याआधीच सुधारता येतात. धाप लागल्यावर केलेली धावपळ बहुधा उशिराची ठरते.

लाटेच्या दिवसांतील दिनक्रम

- पहाटे ५ ते ८ : दिवसाचे मुख्य खाद्य याच वेळेत द्यावे. लसीकरण, जंतनाशक, पक्षी हलवणे किंवा विकणे ही कामेही याच वेळेत उरकावीत.
- सकाळी १० च्या आत : उरलेले खाद्य काढून घ्यावे. पाण्याची भांडी घासून ताजे पाणी भरावे. छतावर पाणी मारावे, गोणपाट ओले करावे.
- दुपारी ११ ते ५ : दाणा, भात, पोळी काहीही देऊ नये. पाणी दर दोन तासांनी बदलावे. कलिंगडाच्या साली, काकडी, पालेभाजीची हिरवी पाने थोडी दिली तर चालतात. त्यात पाणीच जास्त असते. कोंबड्यांमागे धावणे, त्यांना पकडणे टाळावे.
- संध्याकाळी ६ नंतर : दुसऱ्या वेळचे खाद्य द्यावे. शिंपल्याचे खडे किंवा चुनखडीचे बारीक खडे वेगळ्या भांड्यात ठेवावेत. अंड्याचे कवच मुख्यतः रात्री तयार होते, त्यामुळे संध्याकाळी मिळालेले कॅल्शियम उपयोगी पडते.

पाणी

एरवी एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. कडक उन्हात ते दुप्पट होते. दहा कोंबड्यांसाठी पाच लिटरची तयारी ठेवावी. एकाच मोठ्या भांड्याऐवजी सावलीत तीन-चार ठिकाणी मातीची पसरट भांडी ठेवावीत. एकच भांडे असेल तर दांडगट कोंबड्या दुबळ्यांना जवळ येऊ देत नाहीत. गच्चीवरच्या टाकीचे किंवा उन्हातल्या नळीचे पाणी थेट देऊ नये, माठातले द्यावे.

इलेक्ट्रोलाइट पावडर द्यायची असेल तर पाकिटावरील प्रमाणातच आणि दिवसाच्या ठरावीक वेळेपुरती द्यावी. शेजारी साधे पाणी ठेवावेच. घरी अंदाजाने मीठ घालू नये. जास्त मीठ कोंबडीला विषारी ठरते.

छप्पर आणि हवा

पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात द्यावा. त्यावर उसाचे पाचट, भाताचा पेंढा किंवा नारळाच्या झावळ्या जाड थराने अंथराव्यात आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून बांधाव्यात. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम असेल तर ऊन थेट आत कमी येते. नवे खुराडे बांधताना हे लक्षात ठेवावे. तुसाची गादी जाड असेल तर ती दोन इंचांपर्यंत कमी करावी. एका कोपऱ्यात सावलीत ओलसर माती ठेवावी, कोंबड्या तिथे आपणहून पोट टेकतात.

गोणपाट ओले करताना वारा अडणार नाही हे पाहावे. चारही बाजूंनी ओली पोती लावून खुराडे बंद केले तर आत दमटपणा कोंडतो आणि धापेचा उपयोगच उरत नाही. विदर्भ, मराठवाडा, पुणे या भागांत एप्रिलची दुपार कोरडी असते, तिथे ओले गोणपाट आणि छतावर पाणी मारणे चांगले काम करते. कोकणात हवेतच ओल असते, तिथे पाणी शिंपडण्यापेक्षा पंखा आणि मोकळा वारा महत्त्वाचा. वळवाचा पाऊस येऊन गेलेली, वारा पडलेली संध्याकाळही धोक्याची असते. तापमान उतरले म्हणून त्या वेळी लगेच खाद्य घालू नये. धाप थांबू द्यावी.

नवीन पक्षी घेताना हेही पाहावे की वजनदार जातींना उन्हाचा त्रास हलक्या गावरान कोंबड्यांपेक्षा जास्त होतो. मानेवर पिसे नसलेल्या कोंबड्या उष्णता सहज बाहेर टाकतात, त्यामुळे त्या उन्हाळ्यात तग धरतात.

कोंबडी ढेपाळली तर

मान टाकलेली, डोळे मिटलेली, जोरात धापणारी कोंबडी दिसली तर तिला हळुवार उचलून सावलीत, वाऱ्याच्या जागी ठेवावे. पाय आणि पोटाखालचा भाग माठातल्या पाण्याने ओला करावा, तुऱ्यावर ओला हात फिरवावा. चोचीच्या कडेला थेंब-थेंब पाणी लावावे. घशात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये.

प्रत्येक मरतूक उन्हाची नसते

उष्माघाताची मरतूक बहुधा दुपारी ते संध्याकाळी होते आणि वजनदार पक्षी आधी जातात. पण रात्री किंवा सकाळी पक्षी मेलेले आढळले, हिरवट संडास, वाकडी मान, लंगडणे दिसले तर मानमोडीची शंका घ्यावी. एकाच वेळी अनेक पक्षी दगावले तर ते उघडून पाहू नयेत, विकू किंवा खाऊ नयेत. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन करावा.

बुधवार पेठेतल्या त्या कुटुंबाने उरलेल्या पाच कोंबड्या दुसऱ्याच दिवशी गच्चीवरून खाली वाड्याच्या मागच्या चौकात आणल्या. जाड भिंती, दगडी फरशी, दिवसभर सावली. दुपारचा भात बंद केला, तो संध्याकाळी सातला घालू लागले. त्या उन्हाळ्यात पुढे एकही कोंबडी गेली नाही. खर्च झाला तो दोन मातीच्या भांड्यांचा.

उद्या सकाळी दहा वाजता तुमच्या खुराड्यापाशी उभे राहा आणि तीन गोष्टी तपासा : खाद्य उचलले का, पाणी हाताला गार लागते का, छतावर पाचट आहे का. तिन्ही उत्तरे 'हो' असतील तर दुपारचा धोका बराच टळला.