चिपचा सातबारा

ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरची रेघ ताडकन वर गेली, काही मिलिसेकंद तिथे थांबली आणि पुन्हा खाली आली. बोर्ड बंद करून परत चालू केला, तरी तेच. वायफायची चिप जागी होत होती आणि लिनक्सच्या कर्नलने हाक मारायच्या आत पुन्हा झोपत होती.

युएसबीत काही खोचलं की ते आपण होऊन आपली ओळख सांगतं. बोर्डावर डाख देऊन बसवलेली ही चिपही सांगते, पण आधी तिला जागं करावं लागतं. ती एसडीआयओवर असते: डेटाच्या चार तारा, एक क्लॉकची, एक आज्ञेची. तिला कोणत्या पिनने चालू करायचं, कर्नलला उठवायला ती कोणती तार हलवते, झोपेतला मंद क्लॉक तिला कुठून मिळतो, यातलं काहीच या सहा तारांवरून कळत नाही. ते कोणीतरी लिहून ठेवावं लागतं. त्या लिखाणाला लिनक्समध्ये डिव्हाइस ट्री म्हणतात.

मी त्याला सातबारा मानतो. शेतात विहीर आहे की नाही, ते सातबाऱ्यावर असतं. पाणी कधी द्यायचं, ते शेतकऱ्याने ठरवायचं. पूर्वी एआरएम बोर्डांची ही माहिती कर्नलच्याच सी फायलींत विखुरलेली असे. २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स त्या पसाऱ्यावर उघडपणे चिडले आणि डिव्हाइस ट्रीकडे जाण्याला वेग आला. कल्पना त्याआधीची, सन कंपनीच्या यंत्रांमधल्या ओपन फर्मवेअरची.

माझी चिप ब्रॉडकॉमची. या चिपांच्या डिव्हाइस ट्रीतल्या नोंदीत एक गोष्ट मला फार आवडते. पुढे आलेल्या कितीतरी चिपा स्वतःच्या नावामागे ४३२९ या जुन्या चिपचं नाव लावतात, वंशावळीत मूळ पुरुषाचं लावावं तसं. ड्रायव्हरला नवं नाव ठाऊक नसलं तरी घराण्यावरून तो ओळखतो. मंद क्लॉक असतो ३२,७६८ हर्ट्झचा, क्वार्ट्झच्या मनगटी घड्याळात असतो तोच. राउटर साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी आपली खूण पाठवतो. मधल्या वेळात डुलकी घेऊन नेमक्या त्या क्षणी उठायचं, तर चिपला हे घड्याळ लागतं.

आता ती खाली येणारी रेघ. सर्किटच्या नकाशात चिप चालू करणाऱ्या पिनवर लिहिलं होतं, वर असेल तर चिप चालू. मी नोंदीतही 'वर असताना सक्रिय' असं लिहिलं. पण नोंदीत त्या तारेचं नाव रीसेट आहे, आणि रीसेट सक्रिय म्हणजे चिप बंद. म्हणजे रीसेटच्या बाजूने पाहिलं तर ही तार खाली असताना सक्रिय असते. कर्नलने माझा शब्द खरा मानला. आधी रीसेट लावला, रेघ वर गेली. मग रीसेट सोडला, रेघ खाली आली. नोंदीचे नियम यामल फायलीत असतात आणि तपासणीचा प्रोग्राम त्यांच्याशी फाईल ताडून बघतो. त्याने मला काहीच सांगितलं नाही, कारण व्याकरणाने 'वर' आणि 'खाली' हे दोन्ही शब्द बरोबर होते. तांब्याची तार खरंच कशी वागते, ते प्रोब लावल्याशिवाय कळत नाही.

त्याच नोंदीत मी आणखी एक ओळ घातली होती: चिप सापडली नाही तर किती वेळा पुन्हा शोधायचं. माझं काम तपासणाऱ्या माणसाने विचारलं, हा चिपचा गुण आहे की ड्रायव्हरची सवय? तोच सातबारा यू-बूट हा बूटलोडर वाचतो, फ्रीबीएसडी ही दुसरी प्रणालीही वाचू शकते. त्यांनी आपल्या ड्रायव्हरच्या सवयी का पाळाव्यात? त्याचं म्हणणं मला तेव्हाच पटलं आणि ती ओळ मी काढली. रीसेट सोडल्यावर चिपला सावरायला लागणारा वेळ मात्र राहिला, कारण तो तिचा स्वतःचा आहे. आज लिहिलेली नोंद उद्याच्या कर्नललाही चालली पाहिजे, असा दंडक आहे. एकदा रूढ झालेलं नाव सहसा बदलता येत नाही. म्हणून अशा एका ओळीवर अख्खी दुपार गेली तरी मला ती वाया गेली असं वाटत नाही.

एक शब्द बदलला, बोर्ड चालू केला. रेघ वर गेली आणि वरच राहिली. थोड्या वेळाने यादीत आजूबाजूच्या घरांतल्या वायफायची नावं उमटू लागली. मी प्रोब उचलला आणि कर्नलला उठवणाऱ्या तारेवर टेकवला. तिच्यापुढे नोंदीत काय लिहिलंय, ते अजून ताडून बघायचं होतं.